सांगलीची नोंद

सुभेदार, तुमच्या दहाव्याला मी बोलले नाही. विधी उरकल्यावर शाळेच्या पटांगणात माणसं जमली होती. सरपंच बोलले, तुमच्या पलटणीतले दोघं बोलले, आणि मग मुख्याध्यापकांनी मला पुकारलं, "आता सांगलीच्या बाई. सुभेदारांच्या जोडीनं ज्यांनी पृथ्वी मोजली, त्या." मी उठले, माइक हातात घेतला आणि समोर ती भिंत आली. निळ्या रंगात तुमचं नाव, माझं नाव आणि मधोमध तो आकडा. मी माइक परत दिला आणि खाली बसले. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई, जिला थांबवायला घंटा व्हावी लागायची, तिच्या तोंडून शब्द फुटेना. कुणी पाणी आणून दिलं, कुणी पाठीवर हात ठेवला. सगळ्यांना वाटलं, बाईंना भरून आलं. भरून आलं होतंच, पण मी गप्प बसले ते त्यामुळे नाही.

खरं कारण तुम्ही असताना तुम्हाला सांगायचं होतं. चार वर्षं सांगायचं होतं. तुमच्याशी भांडताना माझी जीभ कधी अडली नाही, पण ही एक गोष्ट मी दर वेळी पुढच्या खेपेवर ढकलत आले. आता खेपा संपल्या, म्हणून लिहिते आहे. तुमची मधेच बोलायची सवय मला ठाऊक आहे. या वेळी मला पुरतं बोलू द्या.

आपली ओळखच मुळी तक्रारीनं झाली. शाळकरी मुलांसाठी मी ज्योतिर्विदांच्या चरित्रांचं एक लहानसं पुस्तक लिहिलं होतं, ते तुमच्या गावच्या शाळेच्या कपाटात कसं पोचलं देव जाणे. त्यात पहिलीच गोष्ट इरॅटोस्थेनिसची. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा ग्रीक ग्रंथपाल. दक्षिणेकडच्या एका गावात वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या दिवशी भर दुपारी ऊन विहिरीच्या तळापर्यंत जातं, हे त्याच्या कानावर आलं. त्याच वेळी उत्तरेला त्याच्या शहरात मात्र खांबाची सावली पडत होती. त्या सावलीचा कोन आणि दोन गावांमधलं अंतर, एवढ्यावर त्या माणसानं पृथ्वीचा घेर काढला. ही गोष्ट मी वर्गात शंभरदा सांगितली असेल. पोरं ऐकायची, वहीत उतरवायची आणि विसरायची. विहिरीत डोकावून बघणारे तुम्ही पहिले.

"सांगलीच्या बाई का? मी दहिवडीकडनं बोलतोय, रिटायर सुभेदार. बाई, तुमचं पुस्तक खोटं हाय, न्हाईतर माझी हीर खोटी हाय."

मी विश्रामबागेतल्या भाजीवाल्यापुढे उभी होते. हातात मेथीची जुडी. मी जरा तिरसटपणेच विचारलं, "काय झालं विहिरीला?"

"आवं, मोठ्या दिवशी भर दुपारी तासभर हिरीवर वाकून बसलो. ऊन तळाला गेलंच न्हाई. दक्षिणंच्या भिताडावरच थांबलं."

तुम्हाला दोन शब्द सुनवावेत म्हणून मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. चूक माझी होती. आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मे महिन्यात, आणि परत जाताना जुलैत. जूनच्या त्या मोठ्या दिवशी तो आपल्याला ओलांडून उत्तरेला गेलेला असतो. इजिप्तची गोष्ट मी सांगितली होती, पण माण तालुक्यातला माणूस ती आपल्या विहिरीत ताडून बघेल, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पुढच्या मेमध्ये तुमचा परत फोन आला. "बाई, तळाच्या दगडावर ऊन पडलं. पाणी न्हाई, म्हणून सूर्य दिसला न्हाई, पर ऊन पडलं." मी माफी मागितली, तर तुम्ही म्हणालात, "माफी ऱ्हाऊ द्या. आता तुमी तिकडं खांब लावा."

तोफखान्यात तुम्ही नकाशे आणि मोजमापाचं काम केलेलं. नकाशा काढून तुम्हीच मला दाखवलंत की तुमचं गाव आणि सांगली जवळजवळ एका सरळ उभ्या रेषेत येतात, एक वर, एक खाली. इरॅटोस्थेनिसची दोन गावंसुद्धा इतकी सरळ नव्हती. याचा तुम्हाला कोण अभिमान! जणू सांगली तुम्हीच तिथे नेऊन ठेवली होती. मग दोन्हीकडे तीन-तीन मीटरचे लोखंडी पाइप उभे राहिले. टोकाला बाजूला काढलेली पत्र्याची चकती, चकतीला भोक, भोकाच्या बरोबर खाली ओळंबा सोडून जमिनीवर केलेली खूण. भोकातून उन्हाचा गोल ठिपका खाली पडायचा. तुमच्याकडे ठिपका खुणेवर आला की तुम्ही फोनवर "आला!" म्हणून ओरडायचं, आणि त्याच मिनिटाला माझ्या गच्चीवर ठिपका खुणेपासून किती लांब आहे ते मी मोजायचं. जुलैत आभाळ भरलेलं, म्हणून वर्षातून एकदाच, मेमध्ये, साडेबाराच्या आसपास.

पहिल्या वर्षी पृथ्वी तेहतीस हजार किलोमीटर आली. हवी होती चाळीस हजार. दुसऱ्या वर्षी सांगलीवर ढग. तिसऱ्या वर्षी शेहेचाळीस हजार. मी वैतागले. तुम्ही मात्र शांतपणे वहीत लिहीत गेलात, काय आलं आणि का चुकलं. "हुकलं तरी लिवायचं, बाई. जे दिसलं तेच रिपोर्टमधी. न दिसलेलं लिवलं, की पुढं आपलाच माणूस मरतो." हे तुम्ही सहज बोललात, चहा ओतता ओतता. सीमेवर कधी, कुणाचं काय झालं होतं, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आणि आपलं ते न संपलेलं भांडण. टायको ब्राहे मोठा की केप्लर? दुर्बीण निघायच्या आधीच्या काळात टायकोनं वर्षानुवर्षं ग्रहांच्या जागा मोजून ठेवल्या. तो गेल्यावर केप्लर त्या आकड्यांपुढे बसला. मंगळ वर्तुळात फिरतो असं धरून त्यानं सारा हिशेब मांडला आणि आठ कलांचा फरक राहिला. आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा पाव भाग. दुसऱ्या कुणी तो फरक गालिच्याखाली सारला असता. केप्लरनं वर्षांची मेहनत फेकून दिली, पुन्हा सुरुवात केली, आणि ग्रह लंबवर्तुळात फिरतात हे त्याला सापडलं. माझं म्हणणं, अर्थ लावणारा मोठा. तुम्ही मानायलाच तयार नव्हता.

"आवं, केप्लरनं आठ कलांसाटी येवढी वर्सं फेकली ती कुनाच्या भरवशावर? टायको खोटं लिवनार न्हाई, ह्या भरवशावर. तो एक दिवस जरी मनानं आकडा घालत असता, तर केप्लर कुटला आन् काय!"

हे तुम्ही बोललात तेव्हा माझं खोटं बोलून झालेलं होतं. तुमच्या ओसरीवर बसले होते मी, ताटात बाजरीची भाकरी होती. मी तोंडातला घास चावत राहिले आणि विषय बदलला. कॅरोलाइन हर्शेलची गोष्ट काढली. भाऊ विल्यम दुर्बिणीचा आरसा तासन् तास घासत बसायचा, हात काढता यायचा नाही, तर ही बहीण शेजारी बसून त्याला एकेक घास भरवायची. वहिनी चुलीजवळून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मंग ती बया कवा जेवायची?" तुम्ही मोठ्यानं हसलात. पुढे तिनं स्वतः धूमकेतू शोधले, एक नाही, चांगले आठ, असं सांगितल्यावर वहिनी "मंग बरं" म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

आता ते सांगते. चौथ्या वर्षी आपल्या दिवशीच माझ्या भाचीचं लग्न आलं. मे महिना, मुहूर्त बारा एकतीसचा. मी महिनाभर आधी घरात बोलून बघितलं, की मला साडेबाराला अर्धा तास गच्चीवर असायला हवं. बहिणीनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा बोलले नाही. तुम्हाला फोन करून 'यंदा जमत नाही' म्हणणं एवढंच काम होतं. ते मी केलं नाही. वाटलं, अक्षता पडल्या की रिक्षा करून पळत येईन. जणू सूर्य माझ्यासाठी थांबणार होता. बारा सत्तावीसला मी मांडवात उभी होते, मुठीत अक्षता, डोक्यावर लाल-पिवळं कापड, आणि पर्समध्ये फोन थरथरत होता. तुम्ही "आला, आला" म्हणून ओरडत असणार, हे मला कळत होतं. मंगलाष्टकं चालू होती. मी अक्षता टाकत राहिले.

पंगत उठल्यावर फोन बघितला. तुमचे पाच कॉल. मंगल कार्यालयाच्या मागे, भांडी घासायच्या जागेशेजारी उभी राहून मी लग्नपत्रिकेच्या पाठीवर आकडेमोड केली. उत्तर मला पाठच होतं. उत्तरावरून उलटं येऊन ठिपका किती लांब पडायला हवा होता ते काढलं. अगदी तंतोतंत आलं तर संशय येईल, म्हणून किंचित इकडं सरकवलं. प्रॅक्टिकलच्या वहीत पोरी हेच करायच्या. मी त्या ओळखायचे आणि लाल शाईनं पान खोडून टाकायचे. कितीतरी पोरी रडवल्या मी त्यापायी.

मग तुम्हाला फोन लावला, फोन खालीच राहिला होता, घड्याळ बघून मोजलं, अशी थाप मारली आणि तो आकडा सांगितला. "बाई, तुमच्या मागं बँड वाजतोय का?" तुम्ही विचारलंत. "शेजारी लग्न आहे," मी म्हटलं. तुम्ही हिशेब केलात. एकोणचाळीस हजार आठशे. तो तुम्ही पुन्हा एकदा करून बघितलात. मग एकदम बारीक आवाजात म्हणालात, "बाई, जमलं ओ. आपल्याला जमलं." तुमच्या आवाजात मी तेवढा आनंद कधी ऐकला नव्हता. तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. पण त्या आनंदावर पाणी ओतायला मी धजले नाही. हे चांगुलपणानं झालं असं मी मनाला सांगत आले. तसं नव्हतं. मला लाज वाटली होती.

आठवड्याभरात भिंत रंगली. तालुक्याहून माणसं बघायला येऊ लागली. आणि आपण मोजायचं थांबलो. पुढच्या मेमध्ये मी धीर करून विचारलं, "यंदा पुन्हा घ्यायची का नोंद?" तुम्ही हसलात, "जमलेलं परत कशाला?" मला हायसं वाटलं, सुभेदार. इतकं हायसं वाटलं की स्वतःचीच किळस यावी.

एकदा अंदाज घ्यायला मी टॉलेमीचं नाव काढलं. म्हटलं, एवढा मोठा ज्योतिर्विद, पण त्याच्या काही नोंदी प्रत्यक्ष पाहिलेल्या नसून हिशेबानं मागाहून बसवलेल्या असाव्यात, असा काही अभ्यासकांचा संशय आहे. वाटलं, तुम्ही चिडाल. तुम्ही विचार केलात आणि म्हणालात, "म्हातारा झाला आसंल. ढग आलं आसतील. मानूसच त्यो. पर बिचाऱ्यानं तसं लिवायचं हुतं की." तुमच्या त्या "बिचाऱ्यानं"वर मी किती दिवस काढले! त्या दिवशी बोलले असते तर तुम्ही रागावला असता, आठ दिवस फोन केला नसता, आणि नवव्या दिवशी "पायप सरळ करून ठेवा" म्हणून केला असता. हे मला तेव्हाही कळत होतं.

दहाव्याला माणसं पांगल्यावर मी वहिनींना सगळं सांगितलं. त्या ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. लग्न, बँड, पत्रिकेच्या पाठीवरचा हिशेब, काही सोडलं नाही.

"म्हंजी त्यो आकडा खोटा?"

"माझ्याकडचा खोटा. त्यांच्याकडचा खरा."

त्या मग म्हणाल्या, "लय खूश झालं हुतं ओ त्या दिवशी. दुपारचं जेवलं न्हाईत. शाळंपातूर चालत गेलं, उन्हात."

मी रडायला लागले. त्यांनी मला गप्प केलं नाही. "मला सांगून काय उपेग, बाई? ज्यास्नी सांगायचं ते गेलं." हेही बरोबरच होतं. मग त्या उठल्या, आतून तुमची वही आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "काय काय लिवलंय, वाचून दावा."

मी वाचलं. 'तेहतीस हजार. चुकलं. सांगलीचा पाइप वाऱ्यानं हलला.' 'सांगलीत ढग. नोंद नाही.' 'शेहेचाळीस हजार. चूक माझी. उन्हानं डोळ्यांना पाणी आलं, ठिपका उशिरा दिसला.' मग तो आकडा, खाली दोन रेघा, आणि 'जमलं'. त्यापुढची सगळी पानं कोरी. ती कोरी पानं मी केली आहेत, सुभेदार. आकडा खोटा होता ते एक, पण चार वर्षं आपण मोजत राहिलो असतो.

वहिनींनी विचारलं, "यंदाचा दिवस कवा हाय?"

"पुढच्या आठवड्यात."

"पायप उभाच हाय. मी बगते ठिपका."

मी म्हटलं, वहिनी, एवढ्यात कशाला, लोक काय म्हणतील. त्या म्हणाल्या, "उन्हात हुभं ऱ्हायाला काय इचारायचं लोकास्नी?"

त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. मी अकरापासून गच्चीवर जाऊन बसले. फोनवर वहिनींचा आवाज, "याया लागला... अजून बोटभर हाय... आला. आवं बाई, खुणंवर आला!" मी मोजलं. तीनदा मोजलं. पेन्सिलनं हिशेब केला. सदतीस हजार दोनशे. खोटं कशाला बोलू, जरासं सरकवावं असं मनात येऊन गेलं. पलीकडे वहिनी वाट बघत होत्या.

"कमी आलं का?" त्यांनी विचारलं.

"कमी आलं."

"यिऊ द्या. लिवून घ्या."

काल भिंत रंगवायला दहिवडीचा पेंटर आला होता. मी आधीच मुख्याध्यापकांना भेटून सगळं सांगितलं होतं आणि म्हटलं होतं, तो आकडा पुसा, माझं नाव पुसा, सुभेदारांचं राहू द्या. वहिनी वही घेऊन आल्या आणि म्हणाल्या, पुसून भागायचं नाही. वहीत आहे तसं सगळं भिंतीवर घ्यायचं, वर्षवार, गावची नोंद एकीकडं, सांगलीची एकीकडं, आणि शेवटी यंदाचं.

मुख्याध्यापक अवघडले. "वहिनी, बाहेरची माणसं बघायला येतात. पुस्तकात चाळीस हजार आहे. हे तेहतीस, शेहेचाळीस, सदतीस बघून हसतील."

"हसूद्यात की," वहिनी म्हणाल्या. "त्यांनी कवा मोजलीया?"

मुख्याध्यापकांनी पेंटरला खूण केली. पेंटर शिडीवर चढला. वहिनी खाली उभ्या, मी वाचून दाखवत होते. पहिलं वर्ष झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याला गावची नोंद त्यानं लिहिली: 'ठिपका खुणेवर.' तुमची नोंद, सुभेदार, खरीखुरी. मग सांगलीच्या रकान्यापाशी तो थांबला.

मी म्हटलं, "नोंद नाही, एवढंच लिहा."

"न्हाई," वहिनी म्हणाल्या. "कारण लिवल्याबिगर त्यांनी एकबी वरीस सोडलेलं न्हाई. 'नोंद नाही. बाई लग्नाला गेल्या होत्या.' आसं लिवा."

पेंटरचा ब्रश तसाच राहिला. त्यानं मुख्याध्यापकांकडे बघितलं, मुख्याध्यापकांनी माझ्याकडे.

"लिहा," मी म्हटलं.